नर्सिंगसाठी अकरावीला कुठले विषय? दादरच्या करिअर कौन्सेलिंगचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार देतेय, त्यातले दोन तिथल्या कौन्सेलर मॅडमना आणि सेंटरला एकच. सेंटरचं नाव टाकत नाहीये, कारण दादर वेस्टला स्टेशनबाहेर पडलात की अशी बरीच सेंटरं दिसतील आणि दहावीचा रिझल्ट लागला की सगळीकडे पॅकेज साधारण सारखंच असतं, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, रंगीत रिपोर्ट आणि मग कौन्सेलरबरोबर बसून एक सेशन. आमच्याकडून साडेचार हजार घेतले. ज्यांच्या घरात पोरगी किंवा पोरगा नर्सिंगला जायचं म्हणतोय आणि अकरावीचा फॉर्म डोक्यावर आलाय त्यांनी वाचा, बाकीच्यांना एवढ्या लांबलचक रिव्ह्यूचा काही उपयोग नाही.

मी स्वतः स्टाफ नर्स आहे, म्युनिसिपल हॉस्पिटलला, आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची डिग्री). त्यामुळे बहीण म्हणत होती ताई तूच सांग ना काय घ्यायचं ते, पण भावोजींचं म्हणणं पडलं की घरचं माणूस प्रेमापोटी सांगतं, त्याला बाहेर काय चाललंय ते माहीत नसतं, एकदा प्रोफेशनल माणसाकडे जाऊन येऊ. अर्धं आयुष्य वॉर्डात गेलेल्या बाईला बाहेरचं माहीत नाही हे ऐकून मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं मी पण येते बरोबर. भाची परळच्या मराठी शाळेतली, सेमी-इंग्लिश, दहावीला 78 टक्के, आणि आठवीपासून तिचं एकच चाललंय की मला मावशीसारखं सिस्टर व्हायचंय.

जागेबद्दल पटकन सांगते. जुनी बिल्डिंग, लिफ्ट दोन माणसांची, आत एसी चांगला, पाणी विचारतात, पावती लगेच देतात. टेस्ट कॉम्प्युटरवर असते आणि सगळे प्रश्न इंग्लिशमध्ये. इथेच पहिला स्टार गेला. पर्सनॅलिटीचे प्रश्न असतात ना, तुम्हाला गर्दीत कसं वाटतं, तुम्ही निर्णय पटकन घेता का वगैरे, ते सेमीच्या पोरांना शब्दाशब्दाला अडवतात, मग पोरं अंदाजाने टिचक्या मारत सुटतात आणि त्यातून रिपोर्ट निघतो की मुलीत 'नेतृत्वगुण मध्यम'. दादरमध्ये सेंटर काढलंय, आजूबाजूला परळ, लालबाग, नायगाव, वडाळा, निम्मी पोरं मराठी शाळांतली येणार, टेस्ट मराठीत ठेवायला काय जातं? विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअर कंपनीचं आहे, आमच्या हातात नाही.

रिपोर्ट छान जाड, स्पायरल बाइंडिंग केलेला. आलेख, गोल, तक्ते. भावोजी खूश. मी सरळ मागची पानं उघडली, जिथे सुचवलेली करिअर्स असतात, तिथे वर एमबीबीएस, बीडीएस, फिजिओ, फार्मसी, बायोटेक आणि नर्सिंग एकदम तळाला, पुढे लिहिलेलं 'नीटमध्ये अपेक्षित स्कोअर न आल्यास'. म्हणजे पोरगी पहिल्या दिवसापासून सांगतेय की मला नर्सिंगच करायचंय आणि यांचं मशीन म्हणतंय डॉक्टर नाही झालीस तर बघू. बरं हे एकट्या सेंटरचं नाही, आपल्याकडे घरोघरी असंच बोलतात, पण घरात फुकट बोलतात हो, त्याचे साडेचार हजार कोणी घेत नाही.

आता मॅडमबद्दल. त्या खरंच चांगल्या होत्या. वयाने लहान, पण पहिली वीस-पंचवीस मिनिटं आम्हाला तिघांना बाहेर बसवून एकट्या पोरीशी बोलल्या, आणि मराठीत बोलल्या. भाची बाहेर आली तेव्हा जरा मोकळी वाटली. तिला त्यांनी रक्ताची भीती वाटते का हे विचारलं नाही (तो प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचा तसा काही अर्थ नसतो, ती सवय होते), त्यांनी विचारलं की घरात आजारी माणसाचं कोण बघतं, तुला रात्री जागायला जमतं का, कोणी ओरडलं की तू काय करतेस. हे प्रश्न बरोबर आहेत. आमच्याकडे ट्रेनिंग सोडून जाणाऱ्या पोरी मी पाहिल्यात, त्या सुई बघून नाही गेल्या, नाइट ड्युटी आणि नातेवाइकांची बोलणी यानेच गेल्या. दोन स्टार याचे.

पण विषयांवर आलो आणि गाडी अडली. मॅडमचा सल्ला, किंवा खरं तर रिपोर्टमध्ये आधीच छापलेला सल्ला असा की पीसीएमबी घ्या, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही, कारण 'सगळे ऑप्शन ओपन राहतात'. आई-वडिलांना हे वाक्य फार आवडतं. भावोजींनी मान डोलावली. मी विचारलं मॅडम नर्सिंगला मॅथ्स कुठे लागतं? तर म्हणाल्या औषधांचे डोस काढायला लागतं ना.

लागतं, शंभर टक्के लागतं, रोज लागतं, पण कुठलं गणित लागतं ते बघा. 500 एमएलची सलाईन 4 तासांत द्यायचीय आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, 20 थेंबांना 1 एमएल अशी आहे, तर 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब, भागिले 240 मिनिटं, मिनिटाला साधारण 42 थेंब. झालं. हे शाळेतलं एकमान पद्धतीचं गणित आहे, त्याला बारावीचं इंटिग्रेशन लागत नाही. पण हेच शाळेतलं गणित रात्री तीन वाजता, समोर तीन बेल वाजत असताना, चुकता कामा नये. दुसरं उदाहरण देते, इन्सुलिनचं. आपल्याकडे 40 युनिट पर एमएलच्या बाटल्या मिळतात आणि सिरिंज 40 च्याही मिळतात आणि 100 च्याही, म्हणजे रेघा त्या त्या ताकदीच्या बाटलीसाठी आखलेल्या. 40 ची बाटली आणि हातात 100 ची सिरिंज असेल आणि तुम्ही सरळ 10 च्या रेघेपर्यंत ओढलंत तर पेशंटला 10 युनिट गेलेच नाहीत, 4 गेले. उलटं केलंत, म्हणजे 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज, तर 10 च्या जागी 25 जातील आणि पेशंटची शुगर धाडकन खाली. हे ज्याला तोंडी समजतं त्याचं नर्सिंगपुरतं गणित पक्कं, मग त्याने अकरावीला मॅथ्स घेतलेलं असो नसो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पोराचं नर्सिंग नक्की असेल तर मॅथ्स सोडा. चारही विषय घेतले की चार क्लास, चार प्रॅक्टिकल-जर्नलं-टेस्ट, आणि सेमीतून आलेलं पोर पहिल्याच युनिट टेस्टला गटांगळ्या खातं आणि ज्या विषयावर खरी अ‍ॅडमिशन आहे तिथेच मार्क घसरतात. नक्की नसेल तर ठेवा, त्यात काही वाईट नाही, पण मग 'नर्सिंगसाठी' म्हणून ठेवू नका, मनात दुसरं काहीतरी आहे म्हणून ठेवताय हे स्वतःशी तरी कबूल करा.

आता अ‍ॅडमिशन कशावर होते ते, कारण हे रिपोर्टमध्ये एका ओळीत होतं आणि ती ओळही अर्धवट होती. बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश हे विषय असायलाच हवेत, पीसीबी मिळून ओपनला 45 टक्के, एससी-एसटीला 40, आणि त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत वय 17 पूर्ण. लवकर शाळेत घातलेल्या पोरांच्या आईवडिलांनी हे वयाचं आधीच बघून ठेवा. आणि आपल्या राज्यात बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी आहे, स्टेट सीईटी सेलची, 100 प्रश्न, फिजिक्स 20, केमिस्ट्री 20, बायो 20, इंग्लिश 20 आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड 20, निगेटिव्ह मार्किंग नाही.

यात काय दिसतं तुम्हाला? मला दिसतं इंग्लिश. इंग्लिशला बायोएवढेच मार्क आहेत! आणि अख्ख्या मुंबईत बायोचे क्लास गल्लोगल्ली, केमिस्ट्रीला अमुक सर, फिजिक्सला तमुक सर, आणि इंग्लिशचा क्लास लावला असं सायन्सचं एक पोर सांगत नाही, बारावीच्या बोर्डाच्या आदल्या आठवड्यात गाइड उघडतात आणि पास होतात. माझ्या मते नर्सिंगला जाणाऱ्या पोराचा सगळ्यात महत्त्वाचा विषय हाच आहे, बायोच्या आधी. पुढे गेल्यावर पुस्तकं इंग्लिशमध्ये, पेपर इंग्लिशमध्ये, डॉक्टरांच्या ऑर्डर इंग्लिशमध्ये आणि तुमच्या नोंदीसुद्धा. ड्युटी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, आपण मराठी-हिंदीत देतो हो, पण नर्सिंग नोट्सवर जे लिहिलं तेच उद्या कोर्टात उभं राहतं. पेशंटला रात्री घाम फुटला, छातीत जड वाटतंय म्हणाला, बीपी एवढं होतं, डॉक्टरांना अमुक वाजता कळवलं, हे चार ओळींत नीट लिहिता येणं म्हणजे अर्धी नर्स तयार झाली. मॅडमना हे मी म्हटलं तर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या की हा मुद्दा आमच्या रिपोर्टमध्ये नाही, आणि वहीत लिहून घेतला. म्हणून पण त्यांचे दोन स्टार.

बाकी तिन्ही विषयांबद्दल पोरं विचारतात की फिजिक्स कशाला, केमिस्ट्री कशाला, नर्स काय प्रयोग करणारे का. मी भाचीला पुस्तकंच उघडून दाखवली (बालभारतीची पीडीएफ फुकट मिळतात, विकत घ्यायच्या आधी चाळून बघा). अकरावीच्या बायोमध्ये अर्धं पुस्तक वनस्पती, झुरळ आणि पेशी, ते करावंच लागेल, त्यातून सुटका नाही, पण शेवटी शेवटी मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल हे धडे येतात ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं शरीरशास्त्रच आहे समजा. आणि बारावीला श्वसन आणि रक्ताभिसरण, मग नियंत्रण आणि समन्वय, त्यात मेंदू, नसा, हार्मोन्स सगळं आलं, प्रजनन, आणि मानवी आरोग्य आणि रोग, हे धडे जो समजून करेल तो नर्सिंगला पहिले सहा महिने निवांत असेल. या धड्यांना नुसतं मार्कांसाठी पाठ करणं म्हणजे पुढे तेच परत पहिल्यापासून शिकणं.

केमिस्ट्रीत सोल्युशन्सचा धडा आहे, ऑस्मॉटिक प्रेशर, आयसोटॉनिक, हायपरटॉनिक. पोरं त्याची गणितं घोकतात आणि त्यांना कोणी सांगत नाही की हॉस्पिटलात दांडीला लटकलेली नॉर्मल सलाईनची बाटली 0.9 टक्केच का असते ते उत्तर त्याच धड्यात आहे, साधं पाणी शिरेतून दिलं तर लाल पेशी फुगून फुटतील म्हणून. पुढे पीएच आणि बफर, आयसीयूत एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की ते आठवतं. बायोमॉलिक्युल्स म्हणजे पुढचं बायोकेमिस्ट्री. फिजिक्सचं मी खोटं बोलणार नाही, त्यातलं बरंचसं नर्सिंगला पुन्हा भेटत नाही, पण द्रवांचा धडा, दाब, प्रवाह, स्निग्धता, तो भेटतो, बीपीचं यंत्र, सक्शन, ऑक्सिजनचा फ्लो, कॅन्युला (शिरेत घालतात ती नळी) जाड घातली की सलाईन भरभर का जाते, सगळं तेच आहे. बाकी फिजिक्स सीईटीच्या 20 मार्कांपुरतं आणि बोर्डापुरतं मन लावून करा आणि सोडा.

आता मॅथ्स सोडलं की जागा रिकामी होते, तिथे काय घ्यायचं. इथे रिपोर्टमध्ये काहीच नव्हतं, अक्षरशः काहीच नाही, आणि माझ्या मते खरी निवड इथेच आहे, कारण पीसीबी आणि इंग्लिश तर ठरलेलंच आहे, ते सांगायला कौन्सेलर कशाला हवा. स्टेट बोर्डात सायन्सला चौथा विषय म्हणून सायकॉलॉजी किंवा जिऑग्राफी घेता येतं, पण थोड्याच कॉलेजांत प्रत्यक्षात शिकवतात, बाकी ठिकाणी तुम्हाला सांगतात आमच्याकडे मॅथ्सच घ्यावं लागेल. माझा कल सायकॉलॉजीकडे. का, तर बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला काय आहे बघा, कम्युनिकेटिव्ह इंग्लिश, अ‍ॅप्लाइड अ‍ॅनाटॉमी, अ‍ॅप्लाइड फिजिऑलॉजी, अ‍ॅप्लाइड सोशिऑलॉजी, अ‍ॅप्लाइड सायकॉलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन. सहातले तीन विषय माणसांबद्दल आणि बोलण्याबद्दल आहेत! पुढे मेंटल हेल्थ नर्सिंग पूर्ण वेगळा विषय येतो. सायन्सची पोरं हे विषय बघून दचकतात कारण बारावीपर्यंत कोणी त्यांना याची गोडी लावलेली नसते. सायकॉलॉजी मिळालं नाही तर जिऑग्राफी घ्या, सोपं जातं म्हणून, त्यात लाज कसली, वेळ वाचतो तो बायोला द्या.

एक मात्र सापळा आहे, बायफोकल. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स अशी नावं असतात, 200 मार्कांचा विषय, त्याच्या बदल्यात सेकंड लँग्वेज जाते आणि वर एक विषय जातो. बऱ्याच पोरांना स्कोअरिंग म्हणून ते भुरळ घालतं, पण काही ठिकाणी त्याच्याबरोबर जो गट मिळतो त्यात बायोच नसतं. बायफोकल घ्या न घ्या, पण फॉर्म लॉक करायच्या आधी बारावीच्या मार्कशीटवर बायोलॉजी छापून येणार आहे ना एवढं त्या कॉलेजच्या ऑफिसमध्ये जाऊन विचारा. तसंच वोकेशनलचं, मेडिकल लॅब टेक्निशियन वगैरे नावं बघून लोक म्हणतात वा हे तर हॉस्पिटलचंच आहे, पण त्यात पीसीबी नाही, म्हणजे बीएस्सी नर्सिंगचा दरवाजा बंद.

सेकंड लँग्वेजवर मॅडमशी माझी जरा गोड बाचाबाची झाली. त्या म्हणाल्या जर्मन घ्या, आता जर्मनीत नर्सना प्रचंड मागणी आहे, महाराष्ट्र सरकारने 2024 ला तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करारही केलाय मनुष्यबळ पाठवायचा. करार खरा आहे, मागणी पण खरी आहे, आमच्या ओळखीतल्या पोरी गेल्यात. पण तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला बी2 पातळीचं, म्हणजे सराईतपणे बोलता-लिहिता येईल इतकं, जर्मन लागतं आणि अकरावी-बारावीचं जर्मन म्हणजे माझं नाव अमुक आणि मला सफरचंद आवडतं याच्या थोडं पुढे. जिला शाळेपासून जर्मन होतं तिने जरूर चालू ठेवावं, पण जिने आयुष्यात कधी ऐकलं नाही अशा सेमीच्या पोरीला अकरावीला पहिल्यांदाच पूर्ण इंग्लिश मिडीयम, तीन सायन्स आणि वर जर्मन, कशाला छळताय. भाषा पुढे नर्सिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात क्लास लावून शिकतात, तेव्हा गरजही असते आणि डोकंही त्यात असतं. आम्ही सेकंड लँग्वेजच्या जागी आयटी (इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी) घेतलं. सगळे स्कोअरिंग म्हणून घेतात तसंच घेतलं, खोटं कशाला बोलू, पण आता हॉस्पिटलं सगळी कॉम्प्युटरवर चाललीत आणि नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला हेल्थ इन्फॉर्मेटिक्स विषयच आहे, त्यामुळे वाया जाणार नाही. मराठी तिची घरची आहे आणि हिंदी मुंबईत राहून येतेच, ज्या पोरांना मराठी धड येत नाही त्यांनी मात्र मराठी घ्यावं असं मी म्हणेन, कोकणातून आलेल्या आजींना कुठे दुखतंय ते आयटीत विचारता येत नाही.

सेंटरचा सगळ्यात मोठा दोष आता सांगते. जीएनएमचा उल्लेखच नव्हता. एवढ्या जाड रिपोर्टमध्ये नाही आणि सेशनमध्येही मी विचारेपर्यंत नाही. जीएनएम 3 वर्षांचा डिप्लोमा, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात बारावी कुठल्याही शाखेतून चालते, इंग्लिशसकट, 40 टक्के. आर्ट्सची पोरगी पण नर्स होऊ शकते, हे कितीजणांना माहीत नाही! जीएनएमनंतर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएस्सीची डिग्री, मी तेच केलं, म्हणजे 3 अधिक 2, थेट बीएस्सीपेक्षा एक वर्ष जास्त, पण मधे नोकरी करता येते आणि घरात पगार येतो, चाळीतल्या कुटुंबाला तो फरक एका वर्षापेक्षा मोठा असतो. जीएनएमवाली असो की बीएस्सीवाली, शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी दोघींची होते आणि वॉर्डात पेशंट दोघींना सिस्टरच म्हणतो. तरीसुद्धा पोराला सायन्स झेपत असेल तर मी सायन्सच म्हणेन, डायरेक्ट बीएस्सी, पुढे एमएस्सी, शिकवायला जाणं, परदेश, सगळं लवकर होतं. पण जिला फिजिक्सने दहावीतच रडवलंय तिला ओढूनताणून सायन्सला घालून बारावी नापास करण्यापेक्षा आर्ट्सला सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी घेऊन जीएनएमला पाठवा. नियम मात्र त्या त्या वर्षाच्या माहितीपत्रकातच बघा, 1947 च्या कायद्याच्या जागी 2023 ला नवा नर्सिंग कमिशनचा कायदा झालाय त्यामुळे बदल होत राहणार.

अजून एक सुटलेलं, मिलिटरी नर्सिंग. अहो आपल्या मुंबईतच, कुलाब्याला आयएनएचएस अश्विनीत त्यांचं कॉलेज आहे, देशातल्या मोजक्या कॉलेजांपैकी. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, मुलींसाठी, बारावी पहिल्याच अटेम्प्टला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्लिश घेऊन किमान 50 टक्के, आणि त्याला नीटचा स्कोअर लागतो, शिक्षण झालं की आर्मी, नेव्ही, एअर फोर्सच्या हॉस्पिटलात ऑफिसर म्हणून. म्हणजे नर्सिंगलाच जायचंय म्हणून नीटचा फॉर्म भरायचाच नाही असं करू नका. मॅडमना हे माहीत नव्हतं. भावोजी मात्र 'ऑफिसर' ऐकून ताठ बसले, तोपर्यंत त्यांना नर्सिंग जरा कमीपणाचं वाटत होतं असा माझा संशय आहे, पण जाऊ दे.

कॉलेजबद्दल सेंटरने कट-ऑफची यादी दिली, ती इंटरनेटवर फुकट मिळते आणि अकरावीच्या ऑनलाइन अ‍ॅडमिशनच्या साइटवरही कट-ऑफ दिसतात. त्यांचा रोख इंटिग्रेटेडवाल्या कॉलेजांकडे होता, म्हणजे नाव कॉलेजचं, बसायचं क्लासमध्ये. मेडिकलसाठी जीव टाकणाऱ्यांचं मला माहीत नाही, पण नर्सिंगला जाणाऱ्या पोराला लॅब हवी. मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावणं, टायट्रेशनमध्ये एका थेंबावर रंग बदलतो तो पकडणं, रीडिंग घेऊन लगेच लिहून ठेवणं, ही सगळी हाताची आणि डोळ्याची सवय आहे, पुढे इंजेक्शन भरताना हीच लागते. प्रॅक्टिकलचे मार्क सगळ्यांना मिळतात हो, सवय नाही मिळत. म्हणून घरापासून जवळचं, लेक्चरं खरोखर होतात असं, लॅब चालू असलेलं साधं कॉलेज बघा. लोकलमध्ये रोज दोन तास लटकून मोठ्या नावाच्या कॉलेजला जाण्यात काही नाही, पुढे ड्युट्यांमध्ये लटकायचंच आहे आयुष्यभर.

भाचीचं शेवटी असं ठरलं, पीसीबी, इंग्लिश, आयटी आणि चौथा सायकॉलॉजी, पसंतीक्रमात वर तीच कॉलेजं टाकली जिथे हे सगळं एकत्र मिळतं. इंग्लिशचं मी बघतेय, रोज घरातल्या कुठल्याही एका माणसाची तब्येत चार ओळी इंग्लिशमध्ये लिहायची, सध्या आजीच्या गुडघ्यावर लिखाण चालू आहे.

जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. टेस्ट घेऊ नका, नुसतं सेशन मिळतं का विचारा, विचारल्यावर बाराशेत देतात, बोर्डावर मात्र लिहिलेलं नाही. पोराला एकटं बोलू द्या, आत घुसू नका. बीएस्सी आणि जीएनएम दोन्हीची पात्रता, सीईटी आणि वयाचं तुम्ही वाचूनच जा, म्हणजे वेळ त्यात जाणार नाही. रविवारी गर्दी फार, मधल्या वारी सकाळी जा. आणि दुसऱ्या 'फॉलो-अप' सेशनचे वेगळे पैसे सांगतील ते देऊ नका, त्यापेक्षा जेजेच्या नर्सिंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा चर्चगेटला एसएनडीटीच्या नर्सिंग कॉलेजात शिकणारी एखादी पोरगी ओळखीपाळखीतून शोधा, तिला चहा पाजा आणि विचारा बारावीतलं काय उपयोगी पडलं. आम्ही परत गेलो नाही, पण मॅडमनी नंतर मेसेज करून जीएनएमची माहिती मागितली, मी पाठवली, आणि रिपोर्टच्या पानावर नर्सिंगपुढे ते 'नीटमध्ये स्कोअर न आल्यास' लिहिलंय ते काढा असंही लिहिलं, त्यावर उत्तर आलं की वरती सांगते. काढलं तर चौथा स्टार देईन.